निरोपाचा निळा झोत

संगीत नाटकाची रंगीत तालीम भर दुपारी चालली होती. दिवे हमीदच्या हाती होते. नायिका निरोपाचं पद म्हणू लागली की विंगेतल्या शिडीवर बसून तो बाकीचा उजेड हळूहळू मंद करी आणि एकच निळा झोत तिच्यावर ठेवी. ही आता कायमची जाणार, हे प्रेक्षकांना त्या झोतावरूनच कळायचं होतं.

आज पद रंगात आलं आणि निळं वर्तुळ नायिकेवरून सरकलं. हमीदने दिवा घट्ट धरला होता. तो जराही हलला नव्हता. वर्तुळ रंगमंच उतरलं आणि पहिल्या रांगेत, त्याचा डबा घेऊन आलेल्या रझियावर, त्याच्या लेकीवर थांबलं.

“अहो हमीदभाई, उजेड इकडे!” गाणं थांबवून नायिका ओरडली.

त्याने घाईने दिवा बंद केला. सगळं नाट्यगृह अंधारात बुडालं. रझिया तेवढी निळी राहिली.

हमीद शिडीवरून उतरून धावत सुटला आणि विंगेकडे पाठ करून, हात पसरून लेकीसमोर उभा राहिला.

“अब्बा, बाजूला व्हा ना,” ती हसून म्हणाली. “किती सुंदर गातेय ती!”

कुणीच गात नव्हतं. आणि हमीदची सावली तिच्यावर पडली नव्हती.