नळावरचा मासा

पहिला मासा मेला तेव्हा सोजरबाई घागर घेऊन नळापाशीच उभी होती. काचेच्या बरणीत तो आधी एका कुशीवर कलला, मग उलटा झाला आणि पांढरं पोट वर करून तरंगू लागला. सकाळी आठला त्याला नळाच्या पाण्यात सोडलं होतं. अजून दहासुद्धा वाजले नव्हते.

मासा कचेरीचा होता. १९३२ सालचा चैत्र. सोलापुरातल्या गिरणी कामगारांच्या त्या गल्लीत महिनाभर नळाला पिवळं, वास मारणारं पाणी येत होतं. घरोघरी हगवण लागली होती. दोन मुलं दगावली होती. सोजरबाईची चार वर्षांची नात केरा अंथरुणाला खिळली, तेव्हा सोजरबाईनं पाण्याच्या कचेरीत अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं, की पाणी चांगलं असलं तर त्यात मासा जगतो. म्हणून कारकून आबासाहेब बरणी, मासा आणि नोंदवही घेऊन गल्लीत आले होते.

"मेला," सोजरबाई म्हणाली. "आता लिवा, पानी वाईट हाय."

आबासाहेबांनी वही चाळली. माणूस भला होता, पण नोकरीत वीस वर्षं काढलेला. "यात 'मासा जिवंत' एवढाच रकाना आहे, बाई. मेल्याचा रकाना नाही."

दुसरा मासा मोठा आणला. तो दुपारपर्यंत टिकला. तिसऱ्यानं बरणीत पडताच बाहेर उडी मारली आणि तो फरशीवर मेला.

मग साहेब स्वतः आले. त्यांनी चष्मा पुसून मेलेला मासा निरखला आणि आबासाहेबांना झापलं. माशांची निगा नीट राखली जात नाही, असं त्यांचं मत पडलं. मासा जात्या नाजूक. त्याला दूषित पाण्यात ठेवलं तर तो मरणारच. तेव्हा तपासणी चालू आहे तोवर माशाला स्वच्छ पाणी पुरवावं, असा लेखी हुकूम झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत बैलगाडी आली. गाडीवर पाण्याचं मोठं पिंप होतं. अक्कलकोटकडचा संगप्पा गाडी हाकत होता. त्यानं बरणीत दोन तांबे पाणी ओतलं, चौथा मासा सोडला आणि गाडी वळवायला लागला.

"कुटलं पानी रं हे?" सोजरबाईनं विचारलं.

"साहेबाच्या बंगल्यातल्या हिरीचं, अक्का. साहेब बी हेच पितोय की."

"मग एक घागर दे."

"हुकूम माशापुरता हाय." संगप्पानं मान खाली घातली आणि भरलेलं पिंप परत घेऊन गेला.

चौथा मासा मजेत राहिला. तो दिवसेंदिवस गुबगुबीत होत गेला. आबासाहेब रोज येऊन वहीत लिहीत, 'मासा जिवंत'. केराचे मात्र डोळे खोल गेले. तिनं पाणी मागितलं की सोजरबाईचा जीव कासावीस होई. पाजावं तरी पंचाईत, न पाजावं तरी पंचाईत.

सहाव्या दिवशी संगप्पा ताजं पाणी घेऊन आला तेव्हा बरणीतलं पाणी चार बोटं उतरलेलं दिसलं.

"कुणी घेतलं?" आबासाहेबांनी विचारलं.

"म्या. काल केराला पाजलं. आज तिच्या पोटात ठरलं. पेज मागत हुती."

"बाई, ते माशाचं पाणी आहे. माणसाला देता येत नाही."

सोजरबाईनं गाडीवरच्या पिंपाकडं बघितलं. मग आबासाहेबांकडं.

"मग आमास्नी मासं म्हनून लिवा," ती म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती. आबासाहेबांनी खिशातून हुकूम काढला आणि दोनदा वाचला. मासा कसा असावा, याबद्दल त्यात काहीच नव्हतं. किती असावेत, तेही नव्हतं. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'मासा पाचवा, सोजरबाई. मासा सहावा, केरा, आकारानं लहान.' संगप्पानं घागर भरून दिली.

दुपारपर्यंत सगळी गल्ली घागरी घेऊन रांगेत उभी राहिली. आबासाहेब प्रत्येकाला नाव विचारून गंभीरपणे नोंद करत होते. म्हातारा सोमलिंग तेवढा अडून बसला.

"आमी लिंगायत. आमच्यात मासळी चालत न्हाय."

"खायची नाही, बाबा. नुसतं व्हायचं आहे," आबासाहेब म्हणाले. सोमलिंगानं थोडा विचार केला आणि अंगठा उठवला.

संगप्पा दिवसाला चार खेपा करू लागला. गल्लीतली हगवण थांबली. केरा उंबऱ्यात येऊन बसायला लागली. वहीत मासे एकशे बारा झाले, सगळे जिवंत. आकडा पाहून साहेब खूश झाले. एवढे मासे जगतात म्हणजे नळाचं पाणी उत्तमच, असं ते म्हणाले. चौदाव्या दिवशी त्यांचा निरोप आला. पंधरा दिवस भरले की तपासणी पुरी करून अहवाल धाडावा. गाडी बंद करावी.

आबासाहेबांनी हे सोजरबाईला सांगितलं. ती आत गेली आणि त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. त्यांनी ते उभ्याउभ्या प्यायलं. वीस वर्षांत त्यांनी वहीत एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं; माशांच्या नोंदीसुद्धा हुकुमात बसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ठरल्या वेळी आले, नळापाशी बसले, वही उघडली आणि तारखेच्या जागी लिहिलं: 'दिवस चौदावा'.

केरा शाळेत जायला लागली तेव्हाही वहीत चौदावाच दिवस चालू होता.