हलते पाय

नाशिकच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या भाग्यश्रीचे पैंजण वाजतच होते. "अगं, पाय हलवू नये, लक्ष्मी जाते," सासू गोजराबाई पुन्हा कुजबुजल्या. बाजारासाठी झेंडूच्या माळा ओवायला बसली तरी हिचे पाय थांबत नसत. काल चक्कर येऊन फुलांच्या ढिगातच कोसळली, म्हणून आणावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सुनेची खालची पापणी ओढली. आत पांढरंफटक. "रक्तात लोह फार कमी. म्हणूनच पाय स्वस्थ बसू देत नाहीत. खातेस काय?" "सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. नायतर चहा." गोजराबाईंनी उगाच पदर सावरला. ते वळण त्यांनीच लावलं होतं, त्यांना त्यांच्या सासूनं. उठून निघून जावंसं वाटलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी वळून हलकेच त्यांचीही पापणी ओढली. "आजी, तुमचेही पाय असेच? कधीपासून?" "लग्न झाल्यापासून," गोजराबाई खालमानेनं म्हणाल्या. "मला वाटायचं, बाईमाणसाचे पाय असेच असतात."