रुख्मिणी बाहेर बसली

अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी रुख्मिणी बाहेर बसली. मागच्या महिन्यात तिसऱ्याच दिवशी बसली होती, त्याच्या मागच्या महिन्यातही तिसऱ्याच. सोळा वर्षांच्या पोरीला खोटं वागता येतं. पण खोट्यालाही थोडा वेडावाकडेपणा लागतो, हे अजून कळत नाही.

खरं तर सात महिने तिला कावळा शिवलाच नव्हता. गालांवर पुटकुळ्या उठल्या होत्या आणि हनुवटीवर राठ केस येत होते. पहाटे नाल्यावर राख लावून ती ते चिमटीनं उपटायची, दोन दिवसांत पुन्हा हाताला खुंट लागायचे. पाळीही नाही आणि पोटातही काही नाही, हे घरात कळलं की नवरा शालिग्राम दुसरी बायको आणणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. म्हणून ती दर महिन्याला गुरांच्या कोठ्याच्या भिंतीशी पोतं अंथरून तीन दिवस बैलांच्या शेजारी बसायची.

या खेपेला शेलूबाजारहून आतेसासू आली होती, मनकर्णाबाई. सासरे दौलतराव केनवड गावात भल्याभल्यांना गप्प करायचे, पण या थोरल्या बहिणीपुढे स्वतः गप्प व्हायचे. महायुद्धामुळे साखर मिळत नव्हती, म्हणून बाईंना गुळाचा चहा दिला होता. त्यानं तोंड गोड झालं असेल, जीभ नाही.

"प्रयागा," परसदारी बसून त्या भावजयीला, रुख्मिणीच्या सासूला, म्हणाल्या, "सून आणली का जवाई? हनुवटी पाह्यली का तिची?"

"पोरवय हाय, वन्सं. जाईन."

"कायचं जाईन! अशा मर्दानीले कावळा शिवत नसते. सोंग करून राह्यली ते. माह्या दिराची पोरगी हाय, अंगानं चांगली भरली. दौलत वावरातून आला का सांगतो त्याले."

बाई आवाज बारीक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. परसापलीकडे रुख्मिणीनं शब्दन् शब्द ऐकला. पळावं तर बाहेर बसलेली बाई घरभर पळत नाही. ती गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली.

प्रयागबाई भाकरी घेऊन आली. वरूनच ताटलीत टाकायची आणि मागे फिरायचं, ही रीत. तिनं टाकली. फिरलीही. मग पोरीचा हुंदका ऐकून पुन्हा वळली, तिच्यापुढे उकिडवी बसली आणि पदरानं तिचे डोळे पुसले, गाल पुसले, हनुवटी पुसली. खुंट हाताला लागले असणार. तरी हात मागे घेतला नाही.

"काहून सांगतलं नाही वं मले?" ती हळूच म्हणाली. "नाल्यावर तुया बाजूलेच धुणं धुतो मी. सात महिने झाले, तुया चिंध्या कोऱ्याच हायेत."

"दुसरी येईन म्हनून," रुख्मिणी कशीबशी म्हणाली.

"प्रयागा!" परसदारातून मनकर्णाबाई कडाडल्या. "शिवली तू तिले! बाहेर बसलेलीले कोनी असं शिवते? म्हंजे तुलेबी मालूम हाय, हे बसलीच नाही!"

प्रयागबाईचा हात तिथंच थांबला. तीस वर्षांच्या संसारात हा हात कधी चुकला नव्हता. आज मायेपायी चुकला, आणि चुकला तोही नणंदेच्या डोळ्यांदेखत.

ती उठली आणि सरळ न्हाणीच्या दगडावर जाऊन बसली.

"भुलली वं बाई मी. लेकरू रडताना पाह्यलं अन् भुलली. या, घाला पाणी माह्या डोक्यावर. तुमच्याच हातानं घाला."

पौष महिना होता. रांजणातलं पाणी बोट बुडवलं तरी झोंबत होतं, आणि प्रयागबाईला आठ दिवसांपासून खोकला होता. मनकर्णाबाई तांब्या घेऊन घुटमळल्या.

"थांब, ऊन करतो पाणी."

"तवरिक विटाळ घेऊन बसू काय अंगावर? घाला."

पहिल्या तांब्याला ती कण्हली. दुसऱ्याला खोकल्याची उबळ आली. पाचव्यापर्यंत तिचे ओठ निळे पडले होते, पण "पुरे" म्हणाली नाही. शेवटी मनकर्णाबाईंनीच तांब्या खाली ठेवला. खोट्या विटाळासाठी कुणी असं न्हात नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"बसते म्हनायची मंग," त्या पुटपुटल्या. "दौलतले नाही बोलत मी आता. पोरवयच हाय तिचं."

आणि शेगडी पेटवायला त्या घरात वळल्या.

वाळत घातलेलं कोरडं लुगडं रुख्मिणीपासून दोन हातांवर होतं. सासूचे दात वाजताना तिला बघवेना. ती उठली आणि तिनं लुगड्याकडे हात नेला.

"हात लावू नको त्याले," प्रयागबाई थरथरत म्हणाली. "बस खाली. अजून दोन दिस हायेत तुये."