रविवारची दहा मिनिटं

अश्वजीत नोकरीला बंगलोरला गेला आणि त्याची स्पोर्ट टूरर मोटरसायकल जबलपूरला विजय नगरच्या घरी राहिली. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"बाबा, गाडी दहा मिनिटं चालू केली ना? बॅटरी बसून जाईल."

नारायणराव फोन इंजिनाजवळ धरायचे.

"अच्छा, मस्त. जेवले का तुम्ही?"

दिवाळीच्या सुट्टीत तो आला आणि बॅटरीला चार्जर लावून गेला. "आता दर रविवारचा त्रास नाही तुम्हाला."

त्यानंतर पाच रविवार फोन आला नाही. सहाव्या रविवारी नारायणरावांनीच लावला.

"गाडी चालू नाही होऊन राहिली रे."

"काहून? चार्जर लागला आहे ना?"

"लागूनच आहे," नारायणराव म्हणाले.

प्लग त्यांनी दुसऱ्याच रविवारी काढून ठेवला होता.