बटणाची वायर

पंचगंगेचा पूर गावात शिरला तेव्हा क्रांतीनं नवऱ्यामागं राहिलेलं होडीचं जुनं इंजिन बाहेर काढलं. "वहिनी, भंगारात घाला की ते," दीर धैर्यशील म्हणाला, तरी सोबत आला. कौलांवर अडकलेल्या शांतव्वाला घेऊन परतताना भर धारेत इंजिन बंद पडलं. क्रांतीनं प्लग बदलला. ठिणगी कधी पडे, कधी नाही. "सोडा त्याचा नाद, वल्ही मारूया!" धैर्यशील ओरडला. "गप बसा, भावजी!" तिनं झाकण काढून इंजिन चालू करायच्या दोरीला हिसका दिला, तेव्हा दिसलं. इंजिन बंद करायच्या बटणाची सोललेली वायर हिसक्यासरशी लोखंडाला टेकायची, ठिणगी तिथंच मरायची. तिनं पकडीनं वायरच तोडली. पुन्हा दोरी ओढताच इंजिन गरजलं. "आता बंद कसं करायचं?" धैर्यशीलनं विचारलं. "कशाला बंद? अजून माणसं कौलांवर हायत की!" शांतव्वाला उतरवून क्रांतीनं होडी परत पुरात घातली.