शेवटचं अक्षर

या, असे जवळ या. दाराशी कशाला बसता? एक गोष्ट सांगतो, आणि ती मधूनच सुरू करतो, कारण आमचे नाना काही केल्या खुर्चीत बसायला तयार नाहीत.

"पुन्हा म्हण," नाना येरझारा घालत म्हणाले.

"लीत," सून म्हणाली. म्हणजे खाट.

"त स्पष्ट येऊ दे. शेवटचं अक्षर खायचं नाही."

"आणि पाठीला दोस."

"दोस. शाबास. इस्पितळ?"

"होपिताल."

"ह पोटातून."

नात भिंगरी टेबलाखालून ओरडली, "होपिताल, होपिताल!" नानांनी खिडकी उघडली, मग बंद केली, मग पुन्हा उघडली. चहा केव्हाचा गार झाला होता.

बंदरावरच्या टेलिफोन केंद्रात नानांची उमेदीची सगळी वर्षं परदेशी जहाजांचे फोन जोडण्यात गेली होती. फ्रेंच त्यांच्या तोंडी बसलेली. सून नर्स. मुलगा आजारपणात गेला, तेव्हापासून घरात ही तीन माणसं. आता सुनेच्या भावाने परदेशात, तो राहतो तिथल्या इस्पितळात तिच्यासाठी जागा शोधली होती. अट एकच, फ्रेंचची तोंडी परीक्षा. पास झाली की मायलेकी जाणार. नानांना सोबत नेणं तिथल्या नियमात बसत नव्हतं.

"घरात मास्तर असताना बाहेर शिकवणी कशाला?" असं सूनच म्हणाली होती. त्या दिवसापासून नानांना झोप नव्हती.

कारण नाना चुकीचं शिकवत होते. जाणूनबुजून.

फ्रेंचमध्ये बहुतेक शब्दांचं शेवटचं व्यंजन लिहायचं असतं, म्हणायचं नसतं. खाटेला ली म्हणतात, पाठीला दो. ह तर नुसता शोभेला. इस्पितळ म्हणजे ओपिताल. नानांना हे झोपेतसुद्धा आलं असतं. पहिल्या धड्याला तोंड उघडलं आणि खरं बाहेरच येईना. "आपल्या बाराखडीसारखंच," ते म्हणून गेले, "लिहिलंय ते सगळं म्हणायचं."

सुनेने वर पाहिलं. "तेच तर. म्हणायची नसती तर इतकी अक्षरं उगाच कोण लिहील?"

"अगदी," नाना म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले.

एक घशातला र मात्र त्यांनी खरा शिकवला. त्यासाठी तिघंही पेला भरून गुळण्या करत बसत. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई एकदा वर येऊन विचारून गेली, "सगळ्या घराचाच घसा बसलाय का?"

सून कामावरून येताना कानात काहीतरी अडकवून यायची. गाणी ऐकत असेल, नानांना वाटायचं. पोरगी दिवसभर दुसऱ्यांची दुखणी काढते, संध्याकाळी माझ्यासमोर जीभ वाकडी करत बसते, आणि मी तिच्या वाटेत काटे पेरतो. रोज ते ठरवायचे, आज खरं सांगून टाकू. मग भिंगरी चपला भिरकावत यायची, त्यांच्या गळ्यात पडायची, आणि ठरवलेलं तिथेच विरघळायचं. देवापुढे बसले की जप सोडून हिशेब सुरू व्हायचा. मी किती दिवस जगणार, आणि हिचं आयुष्य केवढं.

परीक्षा कॉम्प्युटरवरून होती. सून आतल्या खोलीत बसली. नाना दाराबाहेर उभे, हातात निवडायला घेतलेली मेथी, आणि एकही पान खुडलेलं नाही. आतून परीक्षक बाईंचा मऊ आवाज येत होता. मग सुनेचा. होपिताल. लीत. दोस. एकही अक्षर तिने सोडलं नाही. प्रत्येक शब्दागणिक नानांच्या छातीत कुणी खिळा ठोकावा तसं होत होतं. बाईंनी दोनदा ऐकून घेतलं, आभार मानले.

संध्याकाळी निकाल आला. नापास.

भाऊ फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होता की नानांना पलीकडचं सगळं ऐकू आलं. "कुणी शिकवलं तुला हे? त्या म्हाताऱ्याने?"

"त्यांना कशाला बोल लावतोस, दादा. माझीच जीभ जड."

"पुन्हा बस."

"उपयोग नाही रे. मला नाही जमायचं."

रात्री जेवताना नानांनी हातातला घास ताटात परत ठेवला. जिचं वाटोळं केलं तीच आपल्याला पाठीशी घालते. "भाजीत मीठ कमी झालं का?" सुनेने विचारलं. त्यांनी मान हलवली आणि ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी धुतलेला सदरा घातला. आरशासमोर वाक्य घोकलं: पोरी, मी तुला फसवलं, आता खरं शिकवतो, पुढच्या वेळी तू जाशील. हात जोडून देवाला म्हणाले, एवढं बोलायची ताकद दे, मग घर रिकामं झालं तरी चालेल. आणि आतल्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. दार लोटलेलं होतं.

आत भिंगरी चित्रांचं पुस्तक वाचत होती. "लीत."

"ली," सून म्हणाली. हळूच, सहज, बंदरावर उतरणाऱ्या एखाद्या कप्तानाच्या बायकोने म्हणावं तसं. मग अख्खं पान तिने वाचून दाखवलं. कुठे अडखळली नाही.

"हे आजोबांसमोर वाचायचं नाही हं," ती म्हणाली. "त्यांनी शिकवलंय तसंच म्हणायचं."

"आणि मामासमोर?"

"मामासमोर तर मुळीच नाही. पुन्हा परीक्षेला बसवेल मला."

माझं मागणं एवढंच. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या सुनेची आठवण ठेवा.