जहाजाच्या पोटाखाली

होडीत बसून तिने पाण्यात सोडलेल्या दोरीला एक झटका दिला. खालून उत्तर आलं नाही.

एक झटका म्हणजे ‘ठीक आहात ना?’ बाबांचा उलट झटका लगेच यायचा. कॉलेज संपल्यापासून ही दोरी तिच्याच हातात होती, आणि उत्तर आलं नाही असं कधी झालं नव्हतं.

“बाबा, ऐकू येतंय का?” ती बाबांच्या शिरस्त्राणाशी जोडलेल्या फोनच्या डबीत ओरडली.

आधी नुसता श्वास ऐकू आला, धापा टाकल्यासारखा. मग तुटक शब्द आले. “जाळीला चिकटलोय... पंप... पंप बंद करायला सांग.” पुढे खरखर झाली आणि मग तीही थांबली.



बापलेक जहाजांची बुडं घासून द्यायचे. लांबच्या समुद्रातून येणारी जहाजं बुडाला शेवाळ, शिंपले, नाही नाही ते चिकटवून आणत. बाबा त्यांना ‘फुकटे भाडेकरू’ म्हणायचे. शेजारच्या खाडीत असलेच परके शिंपले उतरले आणि बघता बघता तिथली कालवं संपली, कोळ्यांनी होड्या विकल्या. मग देशादेशांत करार झाला. बूड घासल्याशिवाय जहाजाला पुढच्या बंदरात प्रवेश नाही, आणि घासलेलं काहीही पाण्यात पडता कामा नये. म्हणून बाबांच्या ब्रशला जाड नळी जोडलेली होती, आणि खरवडलेली घाण वर होडीतल्या पिंपात येऊन पडत होती.

पाणबुड्या माणूस खाली असताना त्या बाजूचा पंप बंद ठेवायचा, हेही ठरलेलं होतं. सकाळी जहाजाच्या एजंटाने आपल्या आणि खलाशांच्या, दोन्ही भाषांत ते वाचून दाखवलं, सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. तरी कुणीतरी पंप चालू केलाच. इंजिन थंड ठेवायला जहाज समुद्राचं पाणी आत ओढत होतं, आणि त्या वाटेवरची जाळी घासायला गेलेले बाबा पाठीनेच त्या जाळीला चिकटले होते. हवेची नळी कुठेतरी दाबली गेली असावी. होडीतल्या हवेच्या यंत्राचा सूरच बदलला होता.

तिने दोरी सगळा जीव लावून ओढली. दोरी तसूभरही हलली नाही. आणखी ओढली तर नळीच तुटेल, हे लक्षात येताच तिने ओढणं थांबवलं.

दोन्ही भाषा येणारा एजंट शिक्के मारून घ्यायला गोदीच्या ऑफिसात गेलेला. तिने वॉकीटॉकी उचलला. “पंप बंद करा! माणूस अडकलाय!” जहाजावरून कुणीतरी शांतपणे एक लांबलचक वाक्य बोललं. त्यातलं अक्षरही तिला कळलं नाही. ती पुन्हा ओरडली. पुन्हा तेच शांत वाक्य.

तिने वर पाहिलं. जहाजाची लोखंडी भिंत आभाळाला टेकली होती. वर कठड्याशी डोक्याला फडकं बांधलेला एक खलाशी रंग देत होता. तिने दोन्ही हात हलवले. त्याने हसून हात हलवला.

आता रडावं की दगड मारावा, तिला कळेना. तिने पंजा होडीच्या कडेवर दाबला आणि दुसऱ्या हाताने तो सुटत नसल्यासारखा ओढून दाखवला. गळा आवळून दाखवला. पाण्याकडे बोट केलं. तो हसतच होता. तिने पुन्हा पंजा दाबला, पुन्हा ओढला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तोंडाने आपण काय ओरडतोय हे तिचं तिलाही समजत नव्हतं.

खलाशाचं हसू एकदम मावळलं. हातातला ब्रश खाली टाकून तो पळाला.

मग काहीच नाही. यंत्र घुसमटल्यासारखं वाजत होतं. ती दोरी छातीशी धरून बसली. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात येत होतं, आणि ते यायला नको म्हणून ती मान हलवत होती.

अचानक जहाजाची घरघर थांबली. दिवे गेले. सगळं जहाज मुकं झालं.

हातातली दोरी हलली. एक झटका.

बाबा शिडीला धरून वर आले तेव्हा पांढरेफटक पडले होते. शिरस्त्राण निघताच म्हणाले, “घाण पाण्यात नाही ना पडली?”

“मरो ती घाण!” ती म्हणाली आणि त्यांना अशी बिलगली की होडी कलंडता कलंडता वाचली.

वर डेकवर आरडाओरडा चालला होता. फडकंवाला खलाशी खाली मान घालून उभा होता आणि कप्तान त्याला फैलावर घेत होता. विचारायला वेळ नव्हता, म्हणून त्याने धावत जाऊन सगळं जहाज बंद करणारं लाल बटण दाबलं होतं. तेवढ्यात एजंट धापा टाकत डेकवर आला. तिने खालून ओरडून सांगितलेलं त्याने कप्तानाला सांगितलं, तेव्हा कप्तानाचा आवाज खाली आला.

“माझ्या वतीने त्याचे आभार माना,” ती कठड्याकडे बघत एजंटाला म्हणाली. “माझे हातवारे कळले म्हणून माझे बाबा वाचले.”

एजंटाने विचारलं. खलाशी हळू आवाजात काहीतरी बोलला. एजंट कठड्यावरून खाली वाकला.

“तो म्हणतो, हातवारे त्याला काही कळले नाहीत. त्याला वाटलं, तुम्ही गंमत करताय. पण मग तुम्ही ‘बाबा, बाबा’ म्हणून रडायला लागलात,” एजंट म्हणाला. “त्यांच्याकडेही बापाला बाबाच म्हणतात.”